पंधरा जणांची यादी आणि यादीबाहेरचे
(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला याद्या करण्याचा नाद फार जुना आहे. आपल्याकडे चार मित्र कट्ट्यावर जमले की चहा थंड होण्याच्या आत सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ क्रिकेट संघ निवडून मोकळे होतात. कबड्डीच्या गावांत तर वाद आणखी बारीक असतो. डावा कोपरा कुणी सांभाळावा, मध्यरक्षक कोण, तिसऱ्या चढाईला कुणाला पाठवावे, यावरून जिवलग दोस्तांचे आठ-आठ दिवस अबोले होतात. असेच अबोले जगाच्या दुसऱ्या टोकालाही होतात. न्यूझीलंड, वेल्स, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, आयर्लंड या देशांत वादाचा विषय असतो रग्बी युनियन, आणि प्रश्न असतो तोच : प्रत्येक जागेवरचा आजवरचा सर्वांत थोर खेळाडू कोण?

रग्बीचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्या तालुक्याच्या मैदानावर हा अंडाकृती चेंडू कुणी पाहिलेला नसतो. पण या खेळाचे आपल्या देशाशी एक जुने नाते आहे. इंग्लंड व स्कॉटलंड ज्या 'कलकत्ता कप'साठी १८७९ पासून झुंजत आले, तो चषक कलकत्त्याच्या एका रग्बी क्लबाने बंद पडताना बँकेतील शिल्लक चांदीचे रुपये वितळवून घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरही हा खेळ आजतागायत खेळला जातो. तेव्हा रग्बी आपल्या दाराशी येऊन गेली आहे. आपण दार उघडले नाही, किंवा ते आपल्यासाठी उघडलेच नव्हते, असे म्हणा.

मला या वादात रस वाटला तो एका कारणाने. 'सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण?' हा प्रश्न मला नेहमीच पोकळ वाटतो. बैल श्रेष्ठ की नांगर, असे विचारण्यासारखे ते आहे. पण 'या जागेवर सर्वश्रेष्ठ कोण?' असे विचारले की आधी त्या जागेचे काम काय, हे समजून घ्यावे लागते. रग्बीत एका संघात पंधरा जण असतात आणि १ ते १५ हे आकडे म्हणजे पंधरा वेगवेगळे व्यवसायच आहेत. पहिले आठ आघाडीचे, अंगमेहनतीचे. शेवटचे सात पिछाडीचे, वेगाचे आणि कौशल्याचे. चेंडू हाताने पुढे फेकायला मनाई आहे. तो मागेच द्यायचा आणि स्वतः पुढे पळायचे. म्हणजे पुढे जाण्यासाठी मागच्यावर विश्वास टाकावाच लागतो. असा नियम असलेल्या खेळात एकट्याचे थोरपण मोजायचे, हीच मुळी मौज आहे.

प्रथम पुढची फळी घेऊ. १ आणि ३ या क्रमांकांचे दोघे प्रॉप, मधला २ क्रमांकाचा हुकर. चूक होऊन खेळ थांबला की दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना भिडतात. याला स्क्रम म्हणतात. आजच्या व्यावसायिक संघांचे मिळून दीड टनाहून अधिक वजन त्या एका ठिकाणी एकवटते. ३ क्रमांकाच्या प्रॉपचे डोके प्रतिस्पर्ध्यांच्या दोन डोक्यांच्या मध्ये अडकलेले असते आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो. त्याने धावा काढल्याचे, गुण मिळवल्याचे सहसा दिसत नाही. तो मागे सरकला नाही, एवढेच त्याचे कर्तृत्व! आपल्या दहीहंडीत छायाचित्र निघते वरच्या थरावरच्या बालगोविंदाचे. खालच्या थरात कुणाचे खांदे होते हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येत नाही. प्रॉप हा रग्बीतला खालचा थर आहे.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्या मानेमागे पोत्यांनी पडलेला घट्टा मी लहानपणापासून पाहत आले आहे. म्हणून मोबाइलवर जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहताना माझी नजर चेंडूपाठोपाठ न जाता या पहिल्या तिघांवर खिळते, हे मी मोकळेपणाने सांगून टाकते. १ क्रमांकासाठी माझे मत इंग्लंडच्या जेसन लेनर्डला. हा व्यवसायाने सुतार. हौशी काळात खेळायला लागला आणि व्यावसायिक काळात २००३ च्या विश्वविजयी संघापर्यंत टिकला. इंग्लंडसाठी ११४ सामने. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस डु रांटने १९९५ आणि २००७ असे बारा वर्षांच्या अंतराने दोन विश्वचषक जिंकले, हेही थोडे नाही. पण दोन्ही युगांत स्वतःला नव्याने घडवणारा लेनर्ड मला मोठा वाटतो. ३ क्रमांकावर वेल्सचा ग्रॅहम प्राइस. चार्ली फॉकनर, बॉबी विंडसर आणि प्राइस ही पॉन्टिपूल क्लबची तिकडी १९७० च्या दशकात वेल्सच्या संघात जशीच्या तशी उभी राहिली. विंडसर तर पोलादाच्या कारखान्यात राबणारा. हुकर मात्र मी न्यूझीलंडचा शॉन फिट्झपॅट्रिक घेईन. ९२ सामने, त्यांपैकी ६३ सलग. ज्या जागेवर मान मोडण्याची भीती रोजची, तिथे सलग ६३ सामने उभे राहणे हे एक तपच आहे.

४ आणि ५ क्रमांकांचे उंच लॉक. एक जागा न्यूझीलंडच्या कॉलिन मीड्सची, याबद्दल फारसा वाद होत नाही. हा शेतकरी गडी १९५७ ते १९७१ खेळला. १९७० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात मोडलेल्या हातासह तो मैदानात उतरला होता. १९९९ मध्ये न्यूझीलंडने त्याला शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. दुसऱ्या जागेसाठी मात्र भांडण आहे. १९७४ चा अजिंक्य लायन्स संघ नेणारा आयर्लंडचा विली जॉन मॅकब्राइड, इंग्लंडचा २००३ चा कर्णधार मार्टिन जॉन्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन ईल्स. मी ईल्सच्या बाजूची. दोन विश्वचषक, त्यांपैकी दुसऱ्याचे कर्णधारपद, आणि लॉक असूनही गोलवर अचूक लाथ मारण्याची कला. इंग्रजीत 'नोबडी इज परफेक्ट' असे म्हणतात, म्हणून त्याचे टोपणनावच 'नोबडी' पडले!

६ आणि ७ हे फ्लँकर, आणि ८ क्रमांकाचा आठवा गडी. चेंडू जमिनीवर पडला की तिथे पहिल्यांदा पोचायचे, हे यांचे काम. ७ क्रमांकावर रिची मॅकॉ. १४८ सामने, ११० सामन्यांत कर्णधार, २०११ आणि २०१५ असे लागोपाठ दोन विश्वचषक. ६ क्रमांकावर त्याच्याच देशाचा मायकेल जोन्स, जो धर्मश्रद्धेपायी रविवारी खेळत नसे आणि त्यासाठी विश्वचषकातील सामन्यांवरही पाणी सोडत असे. ८ व्या जागेसाठी बहुतेक जण न्यूझीलंडच्या झिंझान ब्रूकचे नाव घेतात. १९९५ च्या उपांत्य सामन्यात मैदानाच्या जवळजवळ मध्यातून त्याने मारलेला ड्रॉप गोल विसरता येत नाही. पण माझ्या मनात इटलीचा सर्जिओ पारिसे आहे. १४२ सामने तो देशासाठी खेळला आणि त्यांतले बहुतेक हरला. जिंकणाऱ्या संघात मोठे दिसणे सोपे असते. वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघात दर शनिवारी पुन्हा ताठ मानेने उतरणे आणि प्रतिस्पर्ध्यांकडूनही मान मिळवणे, याचे मोल विजयाच्या तक्त्यात कुठे लिहायचे?

आता ९ क्रमांकाचा स्क्रम-हाफ. इथे वेल्सच्या गॅरेथ एडवर्ड्सचे नाव आल्यावर पुष्कळ वाद मिटतात. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा हा मुलगा १९६७ ते १९७८ वेल्ससाठी सलग ५३ सामने खेळला. एकदाही दुखापतीने वा नामर्जीने वगळला गेला नाही. आज फ्रान्सचा आंत्वान द्युपाँ त्याच्या सिंहासनाला हात घालू पाहतो आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सात जणांच्या रग्बीत त्याने सुवर्णपदकही मिळवले. तरी सध्या निकाल एडवर्ड्सच्या बाजूचा. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफला बार्बेरियन्स संघाकडून न्यूझीलंडविरुद्ध त्याने केलेला 'ट्राय' अनेक जाणकार सर्वोत्तम मानतात. तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. एडवर्ड्स कोपऱ्यात झेपावतो, लोक त्याचे नाव घेतात. पण स्वतःच्या गोलखांबांजवळून निघालेला तो चेंडू सात जणांच्या हातांतून गेला होता. त्यात जॉन पुलिन नावाचा एक हुकरही होता. खालच्या थरातला गडी त्या दिवशी वरच्या थरापर्यंत चेंडू पोचवून आला होता, हे किती जणांना आठवते?

१० क्रमांक म्हणजे फ्लाय-हाफ, संघाचा मेंदू. वेल्सचा बॅरी जॉन १९७२ मध्ये अवघ्या २७ व्या वर्षी निवृत्त झाला. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातून आलेल्या मार्क एलाने १९८४ च्या दौऱ्यात इंग्लंड, आयर्लंड, वेल्स व स्कॉटलंड या चारही देशांविरुद्ध एकेक ट्राय केला आणि पंचविशीतच खेळ सोडला. इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनने २००३ चा अंतिम सामना जादा वेळेत, आपल्या कमजोर उजव्या पायाने जिंकून दिला. पण सर्व बाजूंनी पाहता न्यूझीलंडचा डॅन कार्टर, १५९८ गुणांचा धनी. सेंटरच्या दोन जागांवर ऑस्ट्रेलियाचा टिम होरान आणि आयर्लंडचा ब्रायन ओड्रिस्कॉल. विंगवर ११ क्रमांकासाठी जोना लोमू सोडून दुसरे नाव घेणारा मला अजून भेटायचा आहे. टोंगाहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा विसाव्या वर्षी, १९९५ च्या उपांत्य सामन्यात, इंग्लंडविरुद्ध चार ट्राय करून गेला. मूत्रपिंडाच्या आजाराने त्याला आतून पोखरले होते. २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी तो गेला. दुसऱ्या विंगवर, १४ क्रमांकासाठी, दक्षिण आफ्रिकेचा ब्रायन हबाना. ६७ ट्राय.

इथवर मजेत चालले. आता गाडी जिथे अडते तिथे येऊ.

पहिली अडचण आकड्यांची. आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्वाधिक ट्राय कुणाचे? ६९ ट्राय करणाऱ्या जपानच्या दाइसुके ओहाताचे. तरी थोरांच्या यादीत त्याचे नाव सहसा येत नाही. कारण काय, तर त्याचे बरेच ट्राय दुबळ्या संघांविरुद्ध झाले. म्हणजे आकडा सोयीचा असला की पुरावा आणि गैरसोयीचा असला की योगायोग! शिवाय काळ बदलला की मापही बदलते. एका ट्रायला १९७१ पर्यंत ३ गुण होते, मग ४ झाले, १९९२ पासून ५ आहेत. पूर्वी वर्षाकाठी मोजके सामने असत. पंधरा हंगाम राबून मीड्सचे ५५ सामने झाले आणि तेवढ्याच काळात मॅकॉचे १४८. मीड्स हवेत उडे तो स्वतःच्या पायांच्या बळावर. आज सोबती उचलून धरतात. पायलीने तेल आणि पळीने ज्वारी मोजण्यासारखा हा हिशेब आहे.

पण आकड्यांची अडचण समजूतदारपणे सोडवता येते. दुसरी अडचण खोल आहे. तिचे नाव शून्य.

ब्रायन हबानाचेच उदाहरण घ्या. तो १९८३ मध्ये जन्मला. वर्णभेदाच्या कायद्याने ज्यांच्यावर 'कलर्ड' असा शिक्का मारला होता त्या समाजातला तो. तो तीस वर्षे आधी जन्मला असता तर? पाय तेच, वेग तोच, छाती तीच. पण देशाच्या संघाचा हिरवा सदरा त्याला कुणी घालू दिला नसता. १९८१ मध्ये एरॉल टोबायस निवडला जाईपर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या त्या संघात एकही गौरेतर खेळाडू कसोटी खेळला नव्हता. हबानाच्या नावापुढे ६७ ऐवजी शून्य असते, आणि आज आम्ही म्हटले असते, १४ क्रमांकासाठी तिथे कुणी नव्हतेच! मग त्याच्या आधीच्या ऐंशी-नव्वद वर्षांत असे किती हबाना शून्यावर राहिले असतील? त्यांचे स्वतःचे क्लब होते, स्वतःच्या संघटना होत्या, खडकाळ मैदानांवर ते खेळतही होते. त्यांच्या चित्रफिती नाहीत.

हा अन्याय एकाच देशाच्या हद्दीत थांबला नाही. न्यूझीलंडने १९२८, १९४९ आणि १९६० साली दक्षिण आफ्रिकेला संघ पाठवले, तेव्हा यजमानांच्या वर्णद्वेषापुढे मान तुकवून आपले माओरी खेळाडू घरी ठेवले. १९६० मध्ये 'माओरी नाहीत तर दौरा नाही' असे म्हणत दीड लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. दौरा झालाच. १९७० मध्ये माओरींना नेले, ते 'मानद गोरे' म्हणून! अपमानालाही मान हा शब्द जोडता येतो, हे त्या वेळी जगाला कळले.

रंगाइतकीच जुनी भिंत पैशाची. १८९० च्या सुमारास उत्तर इंग्लंडातले खाणकामगार आणि गिरणीकामगार रग्बी खेळू लागले. शनिवारी सामन्याला जायचे तर रोज बुडायचा. त्यांच्या क्लबांनी एवढेच मागितले की बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा असावी. लंडनच्या धुरीणांनी १८९३ मध्ये ही मागणी फेटाळली. खेळ हा निर्मळ आनंदासाठी असतो, पैशासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ज्यांचा रोज कधी बुडतच नाही, त्यांना असे म्हणणे किती सोपे! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डला उत्तरेकडील क्लब फुटून निघाले आणि पुढे 'रग्बी लीग' हा निराळा खेळ झाला. जो तिकडे गेला त्याला युनियनची दारे बंद. बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, युनियननेही खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली. शंभर वर्षे जे पाप होते ते एका बैठकीत व्यवसाय झाले.

हा 'खाडा' शब्द आमच्या घरात रोजचा आहे. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले, तेव्हा त्यांचा खाडा पडला आणि त्या दिवसाची हमाली गेली. शिक्षण फुकट असले तरी रांग फुकट नसते. म्हणून यॉर्कशरच्या त्या खाणकामगाराची मागणी समजायला मला इतिहासाच्या पुस्तकाची गरज लागली नाही.

या दोन्ही भिंती एकाच माणसाच्या वाट्याला आल्याची उदाहरणे आहेत. बिली बोस्टन कार्डिफचा. वडील आफ्रिकेतून आलेले. वेल्ससाठी खेळावे हे त्याचे स्वप्न. १९५३ मध्ये तो विगनच्या लीग क्लबाकडे गेला आणि कारकिर्दीत ५७१ ट्राय केले. वेल्सच्या युनियन संघासाठी? शून्य. २०२५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्याला 'सर' हा किताब मिळाला. त्याच कार्डिफच्या क्लाइव्ह सलिव्हनने १९७२ मध्ये ब्रिटनच्या लीग संघाचे नेतृत्व करून विश्वचषक जिंकला. युनियनच्या यादीत तोही नाही.

आणि आता १५ क्रमांक, फुल-बॅक, जो मी मुद्दाम शेवटी ठेवला. इथे फ्रान्सचा सर्ज ब्लाँको आहे, डॉक्टरकी करणारा वेल्सचा जे. पी. आर. विल्यम्स आहे, न्यूझीलंडचा ख्रिश्चन कलन आहे. माझी निवड जॉर्ज नेपिया. हा माओरी मुलगा १९२४ मध्ये न्यूझीलंडच्या संघाबरोबर निघाला तेव्हा १९ वर्षांचा होता, म्हणजे आज मी आहे तेवढा. त्या दौऱ्यात ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये ३० सामने झाले. संघाने सगळे जिंकले आणि नेपिया सगळे खेळला. चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला मात्र तो नव्हता, कारण तो माओरी होता. पुढे जागतिक मंदी आली, शेती परवडेना, तेव्हा १९३५ मध्ये ५०० पौंडांसाठी तो लंडनच्या एका लीग क्लबाकडे गेला, आणि युनियनने त्याला बाहेर काढले. एकदा रंगाने अडवले, एकदा दारिद्र्याने. युद्धानंतर अशा खेळाडूंना माफी मिळाली आणि १९५० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी तो एक प्रथम श्रेणीचा सामना खेळला. समोरच्या संघाचा कर्णधार होता त्याचाच मुलगा! ज्याला माफी द्यायची त्याने गुन्हा कोणता केला होता, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

यावर कुणी म्हणेल, खेळात राजकारण कशाला आणता? आम्ही फक्त खेळ पाहतो. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. माझे उत्तर सरळ आहे. राजकारण मैदानात आणले ते रेषा आखणाऱ्यांनी. ती रेषा दाखवणाऱ्यावर आळ कशासाठी? आणि मैदानावरच्या लोकांनाही हे समजत होतेच. वेल्सचा फ्लँकर जॉन टेलर १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला तयार झाला नाही. न्यूझीलंडचा कर्णधार ग्रॅहम मौरी १९८१ मध्ये तोच देश पाहुणा म्हणून आला असता संघाबाहेर राहिला. त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये घरेदारे दुभंगली. हॅमिल्टनचा सामना निदर्शकांनी मैदानात घुसून बंद पाडला. न खेळलेल्या त्या सामन्यांचे गुण कुठल्याही तक्त्यात नाहीत. तरी ७ क्रमांकाची चर्चा मौरीचे नाव न घेता संपवणे मला अपुरे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. जे खेळलेच नाहीत त्यांना संघात घ्यायचे तरी कसे? कल्पनेने माणसे थोर ठरवायची का? नाही. मीही माझ्या पंधरांत पाहिलेली, नोंदलेली कामगिरीच धरली आहे. लेनर्डची जागा मी एखाद्या अज्ञात नावाला देत नाही. माझे म्हणणे एवढेच की 'सर्वकाळचे सर्वश्रेष्ठ' हा मथळा जरा जपून लिहावा. 'ज्यांना खेळू दिले त्यांच्यातील सर्वश्रेष्ठ' असे लिहिले तर लेनर्डचे वा एडवर्ड्सचे काही कमी होत नाही, आणि बोस्टनचे थोडे वाढते. असल्या बहुतेक याद्यांत एकही स्त्री नसते, आणि 'ही पुरुषांची यादी आहे' असे लिहिण्याचे कष्टही कुणी घेत नाही. स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्येच वेल्समध्ये झाला. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमनने एका सामन्यात आठ ट्राय केले. २०२५ चा इंग्लंड-कॅनडा अंतिम सामना पाहायला लंडनच्या ट्विकनहॅमवर ८१,८८५ प्रेक्षक होते. विंगच्या चर्चेत वुडमनचे नाव येऊ नये, असे कोणत्या नियमात आहे?

आणि हे सारे परदेशाचे म्हणून आपण निश्चिंत राहावे, असेही नाही. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखणारा दलित मुलगा पळवणकर बाळू पुढे त्या काळचा मोठा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण सोबत्यांचा चहा पेल्यात आणि त्याचा मातीच्या भांड्यात, मैदानाबाहेर! हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही; ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले. आपल्या कट्ट्यावरच्या 'सर्वकाळच्या' संघांत बाळूचे नाव किती वेळा निघते? त्याच्या नावापुढेही कसोटी सामने शून्यच आहेत.

दरवाजे उघडले की काय होते, तेही रग्बीनेच दाखवले. १९९५ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेने जिंकला तेव्हा संघात चेस्टर विल्यम्स हा एकटाच गौरेतर होता, आणि नेल्सन मंडेला ६ क्रमांकाचा सदरा घालून चषक द्यायला आले. तोच ६ क्रमांक पुढे सिया कोलिसीच्या पाठीवर आला. झ्वीडे या गरीब वस्तीत वाढलेला हा मुलगा २०१८ मध्ये देशाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला आणि २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक त्याने उंचावले. गुणवत्ता त्या वस्तीत आधीही होतीच. तिथपर्यंत रस्ता नव्हता.

तेव्हा वाचकमित्रहो, याद्या जरूर करा. वाद घाला, अबोले धरा. माझ्या पंधरांना नावे ठेवा. ब्रूकला डावलून पारिसेला घेतल्याबद्दल माझ्याशी भांडायला या, मी तयार आहे. फक्त यादी पुरी झाली की कागद उलटा करून कोऱ्या बाजूकडे क्षणभर पाहा. लेखी परीक्षेत कोऱ्या पानाला गुण नसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण यंदा आमच्या वर्गात माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच इथवर आलेल्या, बऱ्याच मुली आहेत. त्यांच्या आज्या आणि आया हुशार नव्हत्या, असे कोण म्हणेल? त्यांची नावे हजेरीपटावर कधी आलीच नाहीत, एवढेच.